पंधरा ऑगस्टची कानबाई

जुलै संपत आला की शाळेत एक प्रश्न फिरायला लागतो. यंदा पंधरा ऑगस्टला तुमच्या वर्गाचं काय? मी आता नंदुरबार तालुक्यातल्या एका शाळेत शिकवते आणि माझं उत्तर ठरलेलं असतं: तिरंगी ओढण्या, स्पीकरवरचं गाणं, तीन मिनिटांत खेळ खलास. तरुण मॅडम आपसात म्हणतात की बाई आता कंटाळल्या. म्हणू देत. मुलांनी घरून काहीही आणलं की मी हातातलं काम टाकून आधी पिशवी उघडून बघते, याचंही त्यांना हसू येतं. त्यांना कारण माहीत नाही.

कारण शहादा तालुक्यातल्या माझ्या जुन्या शाळेत आहे. तापीपासून थोड्याच अंतरावरचं गाव, सगळीकडे केळी, पपई आणि ऊस, आणि गावाच्या वेशीजवळ चार खोल्यांची शाळा. माझ्याकडे दुसरीचा वर्ग होता. सव्वीस मुलं, दोन सतरंज्या आणि दार न लागणारं एक कपाट. आयुष्यात मी इतकी कुठे रमले नाही. आजही सकाळी घाईत असले की हात आपोआप त्या शाळेच्या कुलपाची किल्ली शोधतात.

आधी माझ्या स्वभावाबद्दल सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं. मी चिडकी आहे. मारत कधीच नव्हते, पण कामात असताना कोणी मध्ये बोललं की माझ्या तोंडून पटकन काहीतरी निघून जातं. मुलांना ते ठाऊक होतं. बाईंच्या कपाळावर आठी दिसली की ती लांबूनच वळायची.

त्या वर्षी पंधरा ऑगस्ट आणि नागपंचमी एकाच दिवशी आली. मुख्याध्यापकांना घोर लागला. सणाचा दिवस, बायका घरी कामात, कार्यक्रमाला येणार कोण? ध्वजवंदनाला माणसं दिसली नाहीत तर सरपंच बोलतील, ही त्यांची खरी काळजी. ते म्हणाले, काहीतरी असं करा की बायका स्वतःहून येतील. मी चार वर्षं ओढण्यांचा नाच बसवून विटले होते. मी म्हटलं, आपण मुलांकडून श्रावणच दाखवू. नागपंचमीचा झोका, पोळ्याचे बैल आणि शेवटी कानबाई. सरांनी लगेच होकार दिला, कारण यात भाड्याचे कपडे आणावे लागणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी वर्गाला विचारलं की तुमच्या घरी श्रावणात काय काय होतं. एकदम कालवा झाला. सगळ्यांना कानबाईबद्दलच बोलायचं होतं. खानदेशाबाहेरच्या माणसाला सांगायचं तर नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे घरोघर कानबाई बसते. कानबाई म्हणजे नारळ. पण बाजारातून आणलेला नाही. घरात पिढ्यान्‌पिढ्या जपलेला, आत खोबरं वाळून गेलेला, हळदी-कुंकवाची पुटं चढलेला नारळ. वर्षभर तो पेटीत असतो. त्या रविवारी त्याला नथ घालतात, डोळे लावतात, लुगडं नेसवतात, चौरंगावर बसवतात, आणि सोमवारी वाजतगाजत डोक्यावरून नदीला नेऊन, पाण्यात बुडवून परत घरी आणतात. नैवेद्याला रोट, म्हणजे गव्हाच्या जाड पोळ्या. रोटाचे गहू घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ मोजून घ्यायचे, गिरणीवाला त्यासाठी गिरणी धुऊन ठेवतो, आणि ते रोट फक्त भाऊबंदांनी एकत्र बसून खायचे. बाहेरच्या माणसाला त्यातला तुकडाही देत नाहीत.

या मुठींवर माझा लहानपणापासून राग आहे. आम्ही चार बहिणी, भाऊ नाही. आमच्या घरी वडिलांची एकट्याची मूठ पडायची. शेजारी परात भरून कणीक मळलेली असायची आणि आमच्याकडे तिंबलेला तो एवढासा गोळा. मी वडिलांना एकदा विचारलं होतं की आमच्या मुठी का नाहीत. ते म्हणाले, पोरींच्या मुठी सासरीही नसतात, इथेही नसतात, रीत आहे. त्यांनी ते प्रेमानेच सांगितलं होतं. मला ते आजपर्यंत लागून राहिलंय.

तर वर्गात कालवा चालला होता आणि तिसऱ्या ओळीतली एक मुलगी गप्प होती. दोन वेण्या, एका वेणीला लाल रिबीन आणि दुसरीला निळी, कारण एक हरवलेली. मी तिला विचारलं, तुमच्याकडे गं?

"आमना घर कानबाई बठत नही, बाई," ती म्हणाली.

शेजारच्या मुलीने लगेच खुलासा केला की त्यांच्या अंगणात भिंत आहे. बाकीचं मला खिचडी शिजवणाऱ्या मावशींकडून कळलं. आजोबा गेल्यावर मुलीचे वडील आणि काका यांच्यात विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून वाजलं. बोलणं बंद झालं आणि अंगणात वीट चढली. पंचांनी वाटण्या करताना कानबाईचा जुना नारळ थोरल्याकडे, म्हणजे मुलीच्या वडिलांकडे दिला. त्या श्रावणात पंचांच्या देखत कानबाई शेवटची बसली तेव्हा धाकट्याने नवा नारळ आणून तो जुन्याला टेकवला. आमच्यात याला नारळ परणून घेणं म्हणतात. जुन्याला टेकला की तोही कानबाई होतो. पण रोट खायला भाऊबंद एका पंगतीला बसले पाहिजेत, आणि पुढच्या श्रावणात भिंत ओलांडून कोणी कोणाकडे गेलं नाही. दोन घरं, दोन पेट्या, दोन कानबाया, आणि दोन वर्षं एकही बसली नव्हती. मावशी म्हणाल्या, या पोरीने तर पार ध्यास घेतलाय. रविवारी गल्लीत दुसऱ्यांच्या दारात जाऊन उभी राहते.

मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं की कानबाई डोक्यावर घेऊन हीच चालेल. वर्गात सांगितलं तेव्हा ती हसली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली आणि मग तिने दोन्ही वेण्या पुढे घेऊन घट्ट धरल्या. मला फार बरं वाटलं. आपण काहीतरी मोठं करतोय असंही वाटलं, खोटं कशाला सांगू.

पुढचे दहा दिवस आठवले की अजून हसू येतं. समोरच्या मारवाडी काकांच्या किराणा दुकानातून आम्ही बिस्किटांची रिकामी खोकी आणली आणि त्यांचे बैल केले. वर्तमानपत्राच्या सुरळ्यांची शिंगं. एका बैलाच्या पोटावर बिस्किटाच्या पुड्यावरचं बाळ हसत होतं, ते कितीही रंगवलं तरी खालून दिसायचंच. नाग सायकलच्या ट्यूबचा. झोक्याची दोरी दोन मुलं दोन्हीकडून धरायची आणि मधली मुलगी उभ्या उभ्या हलायची. एकाने घोडा व्हायचा हट्ट धरला. मी त्याला समजावलं की घोड्यांची यात्रा सारंगखेड्याला भरते आणि ती थंडीत, श्रावणात नाही. त्याने घरी जाऊन शेपूटही करून आणली होती. तीन दिवस वाद घातल्यावर मी हरले. आमच्या श्रावणात एक घोडा होता.

संवाद मी शुद्ध मराठीत लिहून दिले होते. मुलं ते पाठ म्हणायची आणि श्वास घ्यायला थांबली की पुढचं अहिराणीत यायचं. शेवटी मीच वही मिटली आणि म्हटलं, बोला तुमचं तुम्ही. त्या दिवसापासून कार्यक्रमात जीव आला. खिडकीबाहेर जाणाऱ्या बायका थांबून बघायला लागल्या आणि मुख्याध्यापकांनी दोनदा येऊन आता खुर्च्या कमी पडणार नाहीत ना, असं विचारलं.

कोणी काय आणायचं ते मी फळ्यावर लिहिलं होतं. कोणी घुंगरू, कोणी आईची ओढणी, कोणी पाट. तिच्यापुढे लिहिलं होतं, नारळ.

चौदा तारखेला दुपारी शाळेत नुसती धांदल. बैलांचा रंग ओला, पताका अर्ध्याच लागलेल्या, घोड्याची शेपूट तुटलेली. मी खुर्चीवर चढून तार बांधत होते. ती दारात आली. छातीशी दोन्ही हातांनी कापडी पिशवी धरलेली.

"बाई," ती म्हणाली.

मी म्हटलं, ठेव टेबलावर.

"बाई, हाई..."

"एकदा सांगितलं ना, ठेव म्हणून."

तिने पिशवी ठेवली. जराशी तिथेच उभी राहिली. मग रांगेत गेली. मी खाली उतरून पिशवीत डोकावले असते तरी पुरे होतं. मी त्याच मातीतली आहे, लाल फडकं बघूनच मला कळलं असतं. मी खुर्चीवरून उतरले ती थेट शेपूट शिवायला बसले.

पंधरा तारखेला सकाळी पटांगण भरलं. बायका खरंच आल्या होत्या, नव्या साड्या नेसून पुढच्या रांगेत बसल्या होत्या, आणि मुख्याध्यापक खुशीत इकडून तिकडे फिरत होते. झेंड्याच्या खांबाची पूजा झाली. सरपंचांनी हात पुढे केला आणि कळलं की नारळाची पिशवी मुख्याध्यापक शहाद्याला घरीच विसरून आलेत. त्यांचा चेहरा पडला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, माझ्या टेबलावर पिशवीत एक आहे, तो घ्या, मुलांसाठी मी समोरच्या दुकानातून दुसरा आणवते.

हे माझे शब्द. दुसऱ्या कोणाचे नव्हेत. चौथीचे सर आणायला धावले. ते मराठवाड्यातले, त्यांची बदली होऊन वर्षही झालं नव्हतं, त्यांना कानबाई काय माहीत. हळद-कुंकू लावलेला नारळ बघून त्यांना वाटलं असेल की बाईंनी पूजा करूनच ठेवलाय. त्यांनी फडकं काढलं आणि नारळ सरपंचांच्या हातात दिला. सरपंचांची नजर वर झेंड्याच्या गाठीकडे होती. त्यांनी हात उचलला. वजन हाताला हलकं लागलं तेव्हा ते क्षणभर अडखळले, मी पाहिलं. पण हात खाली आला होता.

आवाज कोरडा आला. पाणी नाही. दगडावर दोन वाट्या वेगळ्या झाल्या आणि आतून वाळलेल्या खोबऱ्याचा गोटा घरंगळला. पुढच्या रांगेतल्या बायकांनी एकदम तोंडाला पदर लावला. तेव्हा मला कळलं.

पण झेंडा वर गेला होता आणि राष्ट्रगीत सुरू झालं होतं. राष्ट्रगीत चालू असताना हलायचं नाही. हे मीच मुलांना महिनाभर घोकून घेतलं होतं. माशी बसली तरी हलायचं नाही. मी माझ्या वर्गाच्या रांगेकडे पाहिलं. ती हिरवं लुगडं नेसून उभी होती, नाकात खोटी नथ. हात बाजूला ताठ. ती राष्ट्रगीत म्हणत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गालांवरून नथीवर उतरत होतं. तिने पुसलं नाही. ते राष्ट्रगीत माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लांब.

संपल्याबरोबर मी धावले आणि तिच्यासमोर मातीत बसले. आई दुकानातून नारळ घेऊन देत होती, हे नंतर समजलं. हिनेच गुपचूप पेटी उघडून ही जुनी कानबाई आणली होती. मी विचारलं, का गं आणलीस?

ती म्हणाली, "घर ती बठत नही. मी म्हनं, शाळामा तरी बठी."

माझं चुकलं, एवढं कसंबसं म्हटलं. मुख्याध्यापक मागे येऊन म्हणाले की तुमच्या वर्गाचा कार्यक्रम रद्द करू. मीही मान हलवणार होते. तेवढ्यात बायकांमधून तिची आई उठून आली. दगडावरच्या दोन्ही वाट्या तिने उचलल्या, गोटा आत ठेवला, वाट्या जुळवल्या आणि त्यावर ते लाल फडकं गच्च आवळून बांधलं. पाटावर ठेवून तिने तो पाट मुलीच्या डोक्यावर दिला आणि मागे जाऊन बसली.

कार्यक्रम झाला. झोका झाला, बैल आले, पोटावरचं बाळ दिसलं आणि लोक हसले. घोडा एकदा आला तो जायलाच तयार नव्हता. मग ती आली. दोन्ही हातांनी पाट धरलेला, पाय जपून टाकत. बाकीच्या मुली मागे फुगड्या घालत होत्या. हसणाऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या. एकीने हात जोडले, मग सगळ्यांनी. अगदी कडेला एक बाई एकटी बसली होती. तिने डोक्यावरून पदर घेतला आणि तीही उभी राहिली. मावशी माझ्या कानाशी म्हणाल्या की ती भिंतीपलीकडची काकू.

दुपारी मी त्यांच्या घरी गेले. अंगणाच्या मधोमध भिंत होती, गिलावा न केलेली, अर्ध्या तुळशीवृंदावनाला घासून गेलेली. मुलीचे वडील खाटेवर बसले होते. मी मनात जुळवलेलं सगळं बोलून टाकलं, की चूक माझी आहे, मुलीला रागावू नका, मला काय बोलायचं ते बोला.

ते म्हणाले, "दोन साल पेटीमा पडेल व्हती ती, बाई. तुमले काय बोलानं."

मुलीच्या आईने विचारलं, "आते काय करानं?"

उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. नवा नारळ आणून परणून घ्यावा लागणार. तो याच घराण्याच्या कानबाईला टेकवावा लागणार, आणि ती आता जगात एकच उरली होती, भिंतीपलीकडच्या पेटीत. ती बसली तरच टेकवता येणार. ती बसायची तर रोट हवेत, आणि रोटांना दोन्ही घरच्या मुठी हव्यात. मुलीचे वडील म्हणाले, मी त्या दाराला जाणार नाही. ते रागाने म्हणाले नाहीत. थकलेल्या माणसासारखे म्हणाले.

इथे मात्र माझा स्वभाव उफाळला. ज्यांचं नुकसान केलं त्यांच्याच घरात बसून मी चिडले. म्हटलं, तुम्ही नका जाऊ. तुम्ही दोघांनी भिंत सांभाळा. मी जाते हिला घेऊन. ते नको म्हणाले नाहीत, आणि मला तेवढंच पुरलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही दोघी मारवाडी काकांच्या दुकानात गेलो. गावात सगळ्यांना सगळं कळलेलं असतं. त्यांनी पाच-सहा नारळ कानाशी हलवून पाहिले, पाण्याचा आवाज ऐकून एक निवडला आणि गल्ल्यावर न ठेवता सरळ मुलीच्या हातात दिला. मी पर्स उघडली तर त्यांनी हातानेच नको म्हटलं.

तिच्या दारातून काकाच्या दारापर्यंत चौदा पावलं आहेत. मी मोजली, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. काका ओट्यावर पाण्याची मोटर उघडून बसला होता. हात ग्रीसने काळे. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग तिच्या हातातल्या नारळाकडे. मी बोलायला तोंड उघडलं. पण ती माझ्या पुढे झाली.

"काका, आमनी कानबाई फुटनी," ती म्हणाली. "तुमी तुमनी बठाडशात का?"

आतून काकू दारात येऊन उभी राहिली. काकाने हात पुसायला चिंधी घेतली आणि पुसतच राहिला. मग काकूला म्हणाला की माझे हात खराब आहेत, तू घे. काकूने नारळ घेतला आणि आत देवाजवळ नेऊन ठेवला. काकाने मोटरकडे बघत सांगितलं की शनिवारी दुपारून गहू मोजायचे आहेत, गिरणीवाल्याला सांगावं लागेल. एवढंच. आम्ही परत आलो. वाटेत तिने माझा हात धरला होता. शाळेत ती कधी धरत नसे.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ती म्हणाली, बाई, तुम्ही चला. मी म्हटलं, हे घरच्यांचं काम असतं, मला काय तिथे. पण गेले. उंबऱ्याबाहेर उभी राहिले.

काका आंघोळ करून धुतलेले कपडे घालून बसला होता. समोर गव्हाचं पोतं आणि पसरलेलं कोरं कापड. कापड वाऱ्याने उडत होतं म्हणून मुलीने एक कोपरा धरला होता. काकाने हात जोडले आणि मोजायला सुरुवात केली. स्वतःची मूठ. त्याच्या दोन मुलांच्या दोन. मूठ टाकली की वर चिमूटभर, ती सव्वा. मग त्याचा हात पोत्यात थांबला. गल्लीत पावलं वाजली होती. मुलीचे वडील आले होते, मुलीच्या लहान भावाला खांद्यावर घेऊन. ते माझ्या शेजारी उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. काकाने मान वर केली नाही.

"भाऊनी," तो म्हणाला आणि मूठ कापडावर पडली. मग थोरल्याच्या मुलाची पडली.

पुरुष संपले. काकू कापडाला गाठ मारायला पुढे झाली. काकाने तिला थांबवलं आणि पुन्हा पोत्यात हात घातला.

"हाई मूठ आमनी पोरनी," तो म्हणाला.

काकू हळू आवाजात म्हणाली की पोरींची मूठ नसते. काकाने मुठीवर चिमूट टाकली आणि ती सव्वा केली.

"बलावाले तीच उनी ना," तो म्हणाला. खरंच, बोलवायला तीच आली होती.

माझ्या शेजारचा माणूस चपला काढून आत गेला आणि कापडाच्या दुसऱ्या कोपऱ्याशी बसला. मी तिथे थांबले नाही. गल्लीत येऊन भिंतीला टेकून रडले, चांगली हुंदके देऊन रडले, आणि त्यात त्या मुलीसाठी किती होतं आणि माझ्या वडिलांच्या त्या एवढ्याशा गोळ्यासाठी किती होतं ते मला सांगता यायचं नाही. काकू चहा घेऊन बाहेर आली. म्हणाली, बाई, तुम्हाला रोट काही देता येणार नाहीत, रागावू नका. मी म्हटलं, नाही रागावले. त्या दिवशी खरंच नव्हते रागावले.

रविवारी कानबाई बसली. नवा नारळ तिला टेकला. सोमवारी मिरवणूक निघाली तेव्हा मी शाळेच्या फाटकात उभी होते. काकूच्या डोक्यावर चौरंग होता आणि त्यावर दोन नारळ. मुलीच्या आईच्या हातात लाल फडक्यातली ती जुनी, तापीत सोडायला. भिंत पुढची दोन वर्षं, माझी बदली होईपर्यंत, तिथेच होती. फक्त मधल्या काही विटा काढून माणूस जाईल एवढी वाट केली होती.

मंगळवारी ती शाळेत आली. हजेरी चालू होती. तिचं नाव घेतल्यावर हजर म्हणायच्या ऐवजी ती उठून टेबलाशी आली. माझ्या हातात पेन होतं, मी ते खाली ठेवलं.

"बाई," ती म्हणाली, "मन्हा बी रोट व्हता."

मी विचारलं, केवढा?

तिने दोन्ही हात पसरले, जमतील तेवढे.